शिकाऊ डॉक्टर आणि पबमेडची चौकट

रुग्ण तपासताना शिकाऊ डॉक्टरला जे प्रश्न पडतात, त्यांतल्या बहुतेकांची उत्तरे तो शोधतच नाही. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ६४ निवासी डॉक्टरांना बाह्यरुग्ण विभागातल्या ४०१ तपासण्यांनंतर लगेच गाठले गेले आणि त्या रुग्णाविषयी कोणती शंका मनात आली, हे विचारून टिपले गेले. एकूण २८० प्रश्न निघाले, म्हणजे दर तीन रुग्णांमागे साधारण दोन. त्यांपैकी ८० प्रश्नांचाच, २९ टक्क्यांचा, पुढे पाठपुरावा झाला. बाकीचे का राहिले? वेळ मिळाला नाही, हे ६० टक्के प्रसंगी सांगितले गेले. २९ टक्के प्रसंगी मात्र डॉक्टर प्रश्नच विसरून गेले होते. ज्याने सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत एका सकाळी शंभरावर केसपेपर हातावेगळे केले आहेत, त्याला या आकड्यांत नवल वाटणार नाही.

म्हणजे पबमेड, एम्बेस किंवा कॉक्रेन लायब्ररी यांसारख्या माहितीसाठ्यांपर्यंत पोहोचतो तो प्रश्नांचा एक छोटा हिस्सा. त्या हिश्श्यातही शोध कसा होतो, यावर गेली साडेतीन दशके बराच अभ्यास झाला आहे, आणि निष्कर्ष फारसे कौतुकाचे नाहीत. आजचा रेसिडेंट मोबाइलवर वाढलेला आहे, त्याची बोटे वेगाने चालतात, म्हणून त्याला शोधता येते असे धरून चालण्याची पद्धत आहे. ती चुकीची आहे.

हे काम डॉक्टरांच्या गळ्यात कसे पडले, ते आधी पाहायला हवे. वैद्यकीय लेखांची पद्धतशीर सूची करण्याचे काम अमेरिकी सैन्याच्या सर्जन जनरलच्या ग्रंथालयात जॉन शॉ बिलिंग्ज यांनी सुरू केले. त्यांचा ‘इंडेक्स मेडिकस’ १८७९ साली निघाला. जाडजूड खंड, बारीक टाइप, विषयवार नोंदी. डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनी संदर्भ शोधले ते असे पाने उलटून. १९६४ मध्ये ही सूची संगणकावर गेली आणि १९७१ मध्ये टेलिफोनच्या तारांवरून दूरच्या टर्मिनलवर चालणारी ‘मेडलाइन’ आली. पण ती चालवणारे डॉक्टर नव्हते, ग्रंथपाल होते. डॉक्टर विषय सांगायचे. ग्रंथपाल उलट विचारायचा की रुग्ण लहान मूल आहे की मोठा माणूस, औषधाबद्दल हवे आहे की निदानाबद्दल, किती जुने चालेल, दोनचार लेख पुरतील की सगळेच हवेत. या विचारपूशीतच अर्धा शोध उरकायचा.

१९८६ मध्ये घरगुती संगणकावर चालणारी ‘ग्रेटफुल मेड’ ही आज्ञावली आली आणि हा मध्यस्थ बाजूला सरू लागला. २६ जून १९९७ रोजी अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या हस्ते, मेडलाइन इंटरनेटवर शोधू देणारे पबमेड सर्वांसाठी मोफत झाले. छापील ‘इंडेक्स मेडिकस’ २००४ अखेर बंद पडला. आज पबमेडमध्ये पावणेचार कोटींहून अधिक नोंदी आहेत आणि त्या पाहायला लॉगिनही लागत नाही. वर लांबट चौकट, शेजारी शोधाचे बटण, गुगलसारखेच सगळे. या सारखेपणानेच मोठा घोटाळा केला आहे. ग्रंथपालाने विचारायचे प्रश्न आता शोधणाऱ्याने स्वतःलाच विचारायचे असतात, आणि ते विचारायला कोणी शिकवलेले नसते.

ग्रंथपाल आणि शिकाऊ डॉक्टर यांच्यात फरक किती पडतो, हे कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या अ‍ॅन मॅकिबन, ब्रायन हेन्स आणि सहकाऱ्यांनी १९९० साली मोजून दाखवले. ३०० खाटांच्या एका शिक्षण रुग्णालयात वॉर्ड, अतिदक्षता विभाग, हृदयविभाग, अपघात विभाग अशा ठिकाणी मेडलाइनची सोय केली गेली. विद्यार्थी, निवासी डॉक्टर आणि वरिष्ठ अशा सर्वांना आधी दोन तासांचा वर्ग आणि एक तासाचा सराव दिला. मग नवख्यांनी केलेल्या शोधांतून १०४ प्रश्न चिठ्ठ्या टाकून निवडले आणि तेच प्रश्न शोधाचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडे व ग्रंथपालांकडे दिले. तिघांनी स्वतंत्रपणे शोधलेले लेख तज्ज्ञांपुढे ठेवून, कोणते खरोखर उपयोगाचे, हे ठरवून घेतले.

मापे दोन होती: उपयोगी लेखांपैकी किती हाती लागले, आणि हाती लागलेल्यांपैकी किती उपयोगी निघाले. नवखे दोन्हींत ग्रंथपालांच्या मागे पडले. अनुभवी डॉक्टर पहिल्या मापात ग्रंथपालांच्या बरोबरीला आले, दुसऱ्यात नाही. त्यांच्या टोपलीत कचरा जास्त होता. पण या अभ्यासातला सर्वांत बोलका आकडा वेगळाच आहे. एकाच प्रश्नावर झालेल्या तीन शोधांपैकी एकाहून अधिक शोधांत सापडले, असे उपयोगी लेख जेमतेम २० टक्के होते. उरलेले ८० टक्के तिघांपैकी एकालाच दिसले. ग्रंथपालही सर्वज्ञ नसतो आणि एका बैठकीतला शोध कधीच पुरा नसतो, हे त्यातून कळते. थिसिसच्या तोंडी परीक्षेत ‘या विषयावर भारतात काम झालेलेच नाही’ असे ठासून सांगणाऱ्या परीक्षार्थीने हा आकडा लक्षात ठेवावा.

दुसरा महत्त्वाचा अभ्यास अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातला, विल्यम हर्श आणि सहकाऱ्यांचा, २००२ सालचा. शेवटच्या टप्प्यातले ४५ वैद्यकीय विद्यार्थी आणि परिचर्येचे उच्च प्रशिक्षण घेणाऱ्या २१ विद्यार्थिनी-विद्यार्थी यांना उपचारासंबंधीचे प्रश्न दिले. प्रथम स्वतःच्या माहितीवर उत्तर द्यायचे, मग मेडलाइनमध्ये शोधून पुन्हा द्यायचे. शोधाआधी दोन्ही गट सारखेच होते, बरोबर उत्तरे ३२ टक्क्यांच्या आसपास. शोधानंतर वैद्यकीय विद्यार्थी ५१.६ टक्क्यांवर गेले. दुसरा गट ३४.७ वरच राहिला. एका प्रश्नाला सरासरी अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला. आणि ज्यांना उपयोगी लेख जास्त सापडले, त्यांची उत्तरेही जास्त बरोबर आली, असे मुळीच दिसले नाही. लेख सापडणे आणि उत्तर मिळणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत, हे या आकड्यांइतके स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसते.

अर्धा तास घालवून निम्मी उत्तरे बरोबर. हे चांगले की वाईट? परीक्षेत ५० टक्क्यांना उत्तीर्ण म्हणतात, पण पलंगावरच्या रुग्णाच्या बाबतीत तो निकष लावता येत नाही. ऑस्ट्रेलियात २००५ मध्ये ७५ अनुभवी डॉक्टर-परिचारिकांवर झालेल्या अशाच प्रयोगात बरोबर उत्तरे २९ वरून ५० टक्क्यांवर गेली. ७ टक्के वेळा मात्र आधी बरोबर असलेले उत्तर शोधानंतर चुकले. शोध माणसाला बहकवतोही.

ही चूक नेमकी कुठे होते, ते समजायला पबमेडच्या पोटात डोकवावे लागते. मेडलाइनमध्ये येणाऱ्या प्रत्येक लेखाला ठरावीक विषयशब्द लावले जातात. या शब्दसंग्रहाचे नाव ‘मेश’. तो १९६० पासून वापरात आहे आणि त्यात तीस हजारांवर शब्द आहेत, झाडाच्या फांद्यांसारखे रचलेले. मधुमेह ही मोठी फांदी, तिच्याखाली पहिल्या प्रकारचा, दुसऱ्या प्रकारचा, गरोदरपणातला. वरचा शब्द घेतला की खालचे सारे आपोआप येतात. लेखकाने शीर्षकात हार्ट अटॅक लिहिलेले असो वा मायोकार्डियल इन्फार्क्शन, मेशमध्ये ते एकाच नावाखाली जमा होते.

शोधणाऱ्याने साधे शब्द टाकले तर पबमेड पडद्यामागे त्यांची मेशशी सांगड घालते. भारतात ही सोय विशेष कामाची, कारण इथले डॉक्टर ब्रिटिश वळणाची नावे शिकतात आणि मेश अमेरिकी नावांनी चालतो. आपले पॅरासिटॅमॉल तिथे अ‍ॅसिटामिनोफेन असते, सालब्युटामॉल अल्ब्युटेरॉल असते आणि अ‍ॅड्रिनालिन एपिनेफ्रिन. पबमेड हे जुळवून घेते. पण शोधणाऱ्याने तोच शब्द अवतरणचिन्हांत घातला किंवा त्यापुढे तारा लावला, की ही सांगड तुटते. नेमके शोधावे म्हणून अवतरणे घालणारा रेसिडेंट नकळत स्वतःचे जाळे लहान करून घेतो. शोधाच्या तपशिलाची नोंद पबमेड ‘अ‍ॅडव्हान्स्ड’च्या पानावर दाखवते, आपल्या शब्दांचे यंत्राने काय केले, ते तिथे अक्षरशः वाचता येते. हे पान शिकाऊ डॉक्टर क्वचितच उघडतात.

उलट, केवळ मेशवर विसंबणेही धोक्याचे. पबमेडमधल्या सगळ्याच नोंदी मेडलाइनच्या नसतात. काही नियतकालिके तिथे केवळ पबमेड सेंट्रल या मोफत लेखभांडारामार्फत येतात आणि त्यांतल्या लेखांना मेशचे शब्द लागतच नाहीत. २०२२ पासून मेडलाइनचे शब्द लावण्याचे काम मुख्यतः यंत्रावर सोपवलेले आहे. त्यामुळे वेळ वाचला, पण यंत्र चुकते तेव्हा लेख भलत्याच फांदीवर जाऊन बसतो. म्हणून जाणकार शोधक मेशचा शब्द आणि साधा शब्द दोन्ही घेतात आणि मध्ये ‘ऑर’ टाकतात.

‘अँड’, ‘ऑर’ आणि ‘नॉट’ हे तीन जोडशब्द शाळेच्या गणितातले आहेत. तरी सर्वाधिक चुका इथेच होतात. समानार्थी शब्दांमध्ये ‘ऑर’ लागतो, वेगवेगळ्या कल्पनांमध्ये ‘अँड’. पूर्ण वाक्य टंकले की पबमेड बहुतेक शब्दांना ‘अँड’ने बांधते, जितके शब्द वाढवाल, तितके निकाल आटत जातात. ‘नॉट’चा वापर तर बहुधा न केलेलाच बरा. मुलांवरचे लेख नकोत म्हणून ‘नॉट चिल्ड्रन’ लिहिले, की मुले आणि मोठी माणसे दोन्हींवरचा लेखही हातचा जातो.

विंचूदंशाचे उदाहरण घेतले तर हे सगळे एका जागी दिसते. विषय कोकणातल्या, मराठवाड्यातल्या कोणत्याही कॅज्युअल्टीला परिचित. समजा, नाइट ड्युटीवर असलेल्या पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरपुढे आठ वर्षांचे मूल आले. लाल विंचू चावलेला, अंगाला दरदरून घाम, हातपाय गार, उलट्या, नाडी वेगात. वरिष्ठांनी प्राझोसिन सुरू करायला सांगितले. मुलाला प्रतिविष द्यावे का, हा प्रश्न रेसिडेंटला पडला आणि त्याने मोबाइलवर पबमेड उघडून विंचू, दंश, प्रतिविष असे तीन शब्द टाकले.

पबमेड आपल्या हिशेबाने ‘सर्वोत्तम जुळणारे’ निकाल वर दाखवते. एका पानावर दहा निकाल येतात आणि घाईतला माणूस पहिल्या पानापुढे जात नाही. त्याच्या हाती २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला अ‍ॅरिझोनाचा प्रयोग लागू शकतो. १५ अत्यवस्थ मुलांपैकी प्रतिविष मिळालेली आठच्या आठ चार तासांत लक्षणमुक्त झाली. औषधाच्या रूपाचे पाणी मिळालेल्या सातांपैकी एक. इतका लख्ख निकाल वैद्यकात विरळा. किंवा त्याला १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेला ट्युनिशियाचा प्रयोग दिसू शकतो: ८२५ रुग्ण आणि सर्वांना सरसकट प्रतिविष देण्याचा काही लाभ नाही. पहिला लेख वाचणारा प्रतिविषाच्या बाटलीकडे धावेल, दुसरा वाचणारा ती कपाटात ठेवेल. दोन्ही प्रयोग नामांकित नियतकालिकांतले, दोन्ही नीट केलेले.

गोम अशी की ते विंचू वेगळे आहेत. अ‍ॅरिझोनाच्या विंचवाचे विष मुख्यतः मज्जातंतूंवर घाला घालते. महाराष्ट्रातल्या लाल विंचवाच्या विषाने शरीरातल्या स्वायत्त चेतासंस्थेत वादळ उठते. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो, फुप्फुसांत पाणी भरते. प्रतिविषेही त्या त्या प्रदेशातल्या विंचवांसाठी बनवलेली असतात. इथल्या रुग्णाला लागू पडणारे काम महाडमध्ये झाले. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाची हृदयाशी निगडित पूर्वलक्षणे १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये मांडली. रक्तवाहिन्या सैल करणारे, रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध इथे कसे उपयोगी पडते, ते त्यांनी १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात लिहिले. आणि नुसते प्राझोसिन विरुद्ध प्राझोसिनसह प्रतिविष, अशी ७० रुग्णांवरची तुलना त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी २०११ मध्ये बीएमजेमध्ये प्रसिद्ध केली. दोन्ही मिळालेले रुग्ण लवकर सावरले. रेसिडेंटच्या प्रश्नाचे थेट उत्तर तिथे होते.

ते सापडायला काय लागते? प्रश्नात प्राझोसिन हा शब्द यायला हवा, कारण खरी तुलना त्याच्याशी आहे. भारत किंवा लाल विंचवाचे शास्त्रीय नाव यायला हवे. आणि इथे आणखी एक खाच आहे: या विंचवाचे नाव शास्त्रज्ञांनी दोनदा बदलले. जुन्या लेखांत तो ब्यूथस ट्यामुलस आहे, नंतरच्यांत मेसोब्यूथस ट्यामुलस, अलीकडे हॉटेंटोटा ट्यामुलस. कुठल्याही एका पूर्ण नावाने शोधणारा बाकी दोन काळांतल्या लेखांना मुकतो; ‘ट्यामुलस’ एवढेच घेतले तर तिन्ही जाळ्यात येतात. त्यातच कोणी सवयीने ‘गेल्या पाच वर्षांतले’ ही चाळणी लावली, तर १९८२, १९८६ आणि २०११ हे तिन्ही लेख गळतात. ‘मोफत पूर्ण लेख’ ही दुसरी आवडती चाळणीही अशीच घात करते, कारण लेख फुकट आहे की नाही याचा त्याच्या गुणवत्तेशी काडीचा संबंध नसतो.

प्रश्न बांधण्याची एक ठरीव पद्धत १९९५ पासून वैद्यकीय शिक्षणात रूढ आहे. तिचे चार कप्पे: रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी, परिणाम कोणता मोजायचा. आद्याक्षरांवरून तिला ‘पिको’ म्हणतात. जर्नल क्लबमध्ये ती पाठ म्हणून दाखवली जाते आणि मग विसरली जाते. वरच्या उदाहरणात रेसिडेंटने ‘रुग्ण कोण’ या कप्प्यात ‘लाल विंचू चावलेले मूल’ आणि ‘तुलना’ या कप्प्यात ‘नुसते प्राझोसिन’ असे लिहिले असते, तर अर्धे काम तिथेच झाले असते. पिकोचे चारही कप्पे शोधाच्या चौकटीत कोंबायचे नसतात, हेही तितकेच महत्त्वाचे. ‘परिणाम’ हा कप्पा बहुधा डोक्यात ठेवायचा असतो. लेखाच्या सारांशात तो वेगळ्याच शब्दांत आलेला असतो, आणि चौकटीत टाकला की चांगले लेख गळतात.

या खटाटोपापेक्षा गुगल काय वाईट, असे रेसिडेंट विचारतात, आणि प्रश्न अगदीच पोरकट नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात भूलशास्त्राच्या डॉक्टरांना व विद्यार्थ्यांना भूलशास्त्राचे प्रश्न देऊन गुगल, ओव्हिड, पबमेड आणि अपटुडेट अशा चार साधनांची तुलना करण्यात आली. २०१० मध्ये आलेल्या निष्कर्षात गुगल आणि अपटुडेटवरून उत्तरे लवकर मिळाली आणि ती बरोबर असण्याची शक्यताही पबमेडपेक्षा जास्त होती. पबमेडचे भक्त हा अभ्यास सहसा सांगत नाहीत. खुर्चीत बसल्या बसल्या पाच मिनिटांत डोस ठरवायचा असेल, तर कोट्यवधी सुट्या लेखांच्या ढिगाऱ्यात शिरण्यात शहाणपण नाही. कोणी तरी आधीच वाचून, पारखून, एकत्र मांडलेले साधन उघडावे. अपटुडेट हे त्यातले नावाजलेले, पण वर्गणीचे. कॉक्रेन लायब्ररीतली पद्धतशीर परीक्षणे दुसऱ्या टोकाची: संथ, काटेकोर, आणि कित्येकदा ‘पुरेसा पुरावा नाही’ असे प्रांजळपणे सांगणारी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००७ मध्ये या लायब्ररीची वर्गणी भरून ती सगळ्या देशाला खुली केली, हे त्या काळच्या कित्येक पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या गावीही नव्हते.

गुगलचा खरा दोष अचूकतेचा नाही, हिशेबाचा आहे. कोणते शब्द टाकले, किती निकाल आले, कोणते का वगळले, याचा माग तिथे राहत नाही. आज दिसलेला क्रम उद्या राहील याची हमी नाही. वॉर्डातल्या प्रश्नाला ते चालून जाते, प्रबंधाला नाही. २०२२ अखेरीस आलेल्या संभाषणी यंत्रांनी या दोषावर कडी केली. ती अस्खलित उत्तर देतात आणि मागितल्यास संदर्भही देतात. लेखकाचे नाव, नियतकालिक, खंड, पृष्ठांक सगळे जागच्या जागी. फक्त तो लेख कधी कधी अस्तित्वातच नसतो. संदर्भ पबमेडमध्ये टाकून पाहायला अर्धे मिनिट लागते, आणि प्रबंधाच्या गाइडने ते अर्धे मिनिट मागण्यात काहीच कमीपणा नाही.

प्रबंधाच्या बाबतीत शोधाची परंपरा अधिकच क्षीण आहे. एमडी-एमएसच्या विद्यार्थ्याला प्रवेशानंतर काही महिन्यांत सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, द्यायचा असतो. विषय गाइड सुचवतात, मागच्या तुकडीतल्या सीनियरची फाइल मिळते, आणि ‘संदर्भसाहित्याचा आढावा’ हे प्रकरण तिच्यावरून उतरते. सीनियरने ज्याच्यावरून उतरवले होते, त्याच्या चुकाही सोबत येतात: चुकीचा पृष्ठांक, कोणीच न वाचलेला मूळ लेख, मागे घेतला गेलेला अभ्यास. गोवर-गालगुंड-रुबेलाची एमएमआर लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा १९९८ चा लॅन्सेटमधला लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला; करोनाकाळात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा लॅन्सेटमधला अभ्यास २२ मे २०२० रोजी आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला. पबमेडवर अशा नोंदींच्या माथ्यावर ठळक इशारा असतो. सीनियरच्या फाइलमध्ये तो नसतो.

अपुऱ्या शोधाने माणूस दगावल्याचेही उदाहरण आहे. २००१ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यासंबंधीच्या एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम हे जुने औषध श्वासावाटे दिले गेले. त्यातल्या २४ वर्षांच्या एका तरुणीच्या फुप्फुसांना इजा झाली आणि जूनमध्ये ती मरण पावली. संशोधकाने आधी पबमेड आणि पाठ्यपुस्तके पाहिली होती. पण पबमेड त्या काळी १९६६ पर्यंतच मागे जात होते, आणि या औषधाने फुप्फुसे खराब होतात हे सांगणारे लेख १९५० च्या दशकातले होते. त्यानंतर त्या संस्थेतले सरकारी निधीवरचे मानवी संशोधन काही काळ थांबवण्यात आले. आता पबमेडमधल्या बऱ्याच नोंदी १९४० च्या दशकापर्यंत मागे जातात, पण त्या जुन्या नोंदींना सारांश नसतात; सारांशातल्या शब्दावर शोधणाऱ्याला त्या दिसत नाहीत.

प्रशिक्षणाने सुधारणा होते का? होते, आणि त्यासाठी फार खर्चही लागत नाही. मिशिगन विद्यापीठात शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ग्रंथपालांनी दिलेल्या थोडक्या प्रशिक्षणानंतर त्यांच्या शोधातल्या चुका कमी झाल्या आणि दर्जा सुधारला, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दिसले. पण एकदाच घेतलेल्या व्याख्यानाचा परिणाम फार टिकत नसावा, असे मानायला जागा आहे. मॅकमास्टरच्या अभ्यासातल्या नवख्यांनाही तीन तासांचे शिक्षण मिळालेच होते. शोध ही टाके घालण्यासारखी हातची कला आहे, ती कोणी तरी शेजारी उभे राहून चूक दाखवल्याशिवाय येत नाही.

भारतात पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संशोधनपद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम सक्तीचा आहे. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्था तो चालवते आणि साहित्यशोधाचा भाग त्यात येतो. चित्रफिती पाहून, बहुपर्यायी प्रश्न सोडवून प्रमाणपत्र मिळते. स्वतःच्या प्रबंधाच्या विषयावर केलेला शोध मात्र कोणी तपासून देत नाही. त्याऐवजी सिनॉप्सिससोबत शोधाची नोंद जोडणे बंधनकारक केले, म्हणजे कोणत्या माहितीसाठ्यात, कोणत्या तारखेला, कोणते शब्द टाकले आणि किती लेख आले एवढेच एका पानावर लिहायला लावले, तरी बराच फरक पडेल. पद्धतशीर परीक्षणे करणाऱ्यांना जगभर हे करावेच लागते.

लेख मिळण्याची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ या केंद्राच्या योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० च्या आसपास शासकीय संस्था असा तिचा आवाका आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातला रेसिडेंट आता ‘पूर्ण लेख मिळाला नाही’ ही सबब पूर्वीसारखी सांगू शकत नाही. खासगी महाविद्यालये पहिल्या टप्प्यात बाहेर आहेत. आणि प्रत्येक महाविद्यालयात ग्रंथपालाचे पद असते. त्यांच्याकडे पुस्तकाचा दंड भरण्यापलीकडे काही काम निघते, हे फार थोड्या रेसिडेंटना सुचते. सिनॉप्सिसवर गाइडची सही घेण्याआधी त्यांनी आपला प्रश्न कागदावर लिहून ग्रंथालयात जावे आणि ग्रंथपालाशेजारी बसून एकदा शोध करून पाहावा.